बेळगाव-कोल्हापूर 110 किलोमीटर, मग डेटा बेंगळूर-मुंबई फिरून का जातो? फायबर आणि संशोधन-शिक्षण नेटवर्कबद्दल धागा

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. बेळगावातल्याच एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळणं हे माझं काम. दरवर्षी बजेटच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न येतो, यंदा किती एमबीपीएस घ्यायचे? हा प्रश्न मला अपुरा वाटतो, आणि का वाटतो ते इथं सविस्तर लिहितोय, कारण व्हॉट्सअॅपवर एवढं कुणी वाचत नाही.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडं याची सुरुवात 1986 ला अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या नेटवर्कनं झाली. इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा प्रकल्प, संयुक्त राष्ट्रांच्या युएनडीपीची मदत, आणि पहिल्या आठ संस्था म्हणजे मुंबईची एनसीएसटी, बेंगळूरची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीत तो विभाग स्वतः. सुरुवातीला फोनवरून डायल करून मेल जायचे, मग 9.6 केबीपीएसच्या लीज्ड लाइन आल्या. तुम्हाआम्हाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडून, म्हणजे प्राध्यापक मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होती.

अमेरिकेतही तेच. तिथल्या संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एनएसएफनेटचा मुख्य कणा 1986 ला 56 केबीपीएस, 1988 ला दीड एमबीपीएस, 1992 पर्यंत 45 एमबीपीएस, आणि एप्रिल 1995 मध्ये ते बंद केलं कारण खासगी कंपन्यांचं इंटरनेट उभं राहिलं होतं. पण पुढच्याच वर्षी, 1996 ला, तिथल्या विद्यापीठांनी इंटरनेट2 नावाची स्वतःची संघटना काढली, कारण व्यापारी इंटरनेट मेल आणि वेबपेजसाठी बरं होतं, टेलिस्कोपचा किंवा कणभौतिकीचा डेटा त्याच्यातून जाईना. 1999 ला त्यांचं अॅबिलीन नेटवर्क चालू झालं ते 2.4 जीबीपीएसचं, आणि काही वर्षांत त्याच मार्गांवर 10 जीबीपीएस झालं. 2012 ला 100.

आता माझा खरा मुद्दा. एवढे आकडे वाढले तेव्हा प्रत्येक वेळी रस्ता उकरून नवी केबल टाकली का? नाही. जमिनीतली काच, म्हणजे फायबर, बहुतेक ठिकाणी तीच राहिली, दोन टोकांची आणि मधली यंत्रं बदलली.

1966 ला चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांबवर जाईल, किलोमीटरला 20 डेसिबलपेक्षा कमी नुकसान पाहिजे. 1970 ला कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी 17 पर्यंत आणलं. आज 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला साधारण 0.2 आहे, म्हणजे एका किलोमीटरमध्ये जेमतेम साडेचार टक्के प्रकाश कमी होतो आणि शंभर किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरतो, पण तेवढा पुरतो.

मग 1987 च्या सुमारास अर्बियमचा अॅम्प्लिफायर आला, साउदम्प्टनला डेव्हिड पेन आणि बेल लॅब्जला देसुर्व्हीर. याचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच्या आधी ठराविक अंतरावर प्रकाशाची वीज करायची, सिग्नल साफ करायचा, परत प्रकाश करायचा, आणि ते यंत्र एकाच वेगासाठी बनवलेलं, वेग वाढवायचा तर वाटेतली सगळी यंत्रं बदला. अर्बियमवाला प्रकाशाला प्रकाशच ठेवून वाढवतो, आत किती तरंगलांबी आहेत, कुठल्या वेगाच्या आहेत, त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे एकाच फायबरमधून 40, 80, 96 तरंगलांबी पाठवता आल्या. एकेका तरंगलांबीला ही मंडळी लॅम्बडा म्हणतात.

ज्या देशांनी हे ओळखलं त्यांनी संशोधन संस्थांसाठी एमबीपीएस न घेता काच घेतली. कॅनडाच्या कॅनरीनं 1998 ला सीए-नेट 3 उभं केलं, हॉलंडच्या सर्फनेटनं स्वतःच्या ताब्यातल्या डार्क फायबरवर (म्हणजे नुसती काच, टोकांची यंत्रं आपली आपण लावायची) नेटवर्क बांधलं, पोलंडच्या पायोनियरनं तर स्वतः केबल टाकल्या. 2001 नंतर टेलिकॉम कंपन्या बुडाल्या तेव्हा न वापरलेलं फायबर स्वस्तात मिळत होतं, ते विद्यापीठांनी वीसवीस वर्षांच्या करारानं घेऊन ठेवलं. युरोपच्या जिआँनंही 2004 नंतर तोच रस्ता धरला.

आपल्याकडं एनकेएन, राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क. सॅम पित्रोदांच्या ज्ञान आयोगाची शिफारस, एप्रिल 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते पहिला टप्पा, मार्च 2010 ला मंत्रिमंडळाची 5990 कोटींची मंजुरी, काम एनआयसी या सरकारी संस्थेकडं. फायदा मोठा झालाय, ते नाकारत नाही. पण बेळगावसारख्या गावात ते शेवटच्या टोकाला एक लिंक म्हणून येतं. आपण टोक आहोत, गाठ नाही.

म्हणून शीर्षकातला प्रश्न. माझ्या घरच्या लाइनवरून कोल्हापूरच्या एका सर्व्हरला ट्रेसराउट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारला तर वाट आधी बेंगळूर, मग मुंबई, मग कोल्हापूर. टेलिकॉमचं कर्नाटक सर्कल वेगळं, महाराष्ट्र-गोवा सर्कल वेगळं, त्यामुळे जोडणी राजधानीत होते. बाकीच्यांनी आपापलं बघून सांगा.

पुण्यातला_बेळगावकर

वाचनखूण साठवली. अप्रतिम धागा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

"काच तीच" याचं मराठी मुलखातलं उदाहरण देतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या 30 डिश, पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. प्रत्येक डिशचा सिग्नल मधल्या इमारतीत फायबरनंच येतो, आणि हे गोविंद स्वरूपांच्या टीमनं नव्वदच्या दशकात केलंय, जेव्हा आपल्याकडं फायबर हा शब्द लोक नाश्त्याच्या जाहिरातीत ऐकायचे. पुढं दुर्बिणीचं अपग्रेड झालं, जास्त रुंद पट्ट्याचे सिग्नल आणायचे होते, तर जुनी यंत्रणा चालू ठेवून वेगळ्या तरंगलांबीचे लेसर लावले आणि त्यावरून नवे सिग्नल आणले. निरीक्षणं करत करत बदल झाला. ही गोष्ट मला फार थोर वाटते.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचंही तसंच, तिथून मोठ्या केंद्रांना 10 जीबीपीएसच्या खास लाइन टाकलेल्या, आणि आपल्याकडं मुंबईचं टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी त्या ग्रिडचा भाग आहेत. उद्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहिली, 2023 ला मंजुरी मिळालीये, की हिंगोली जिल्ह्यातून जगाला डेटा द्यायचाय. तिथं कुणी "किती एमबीपीएस" विचारत बसणार नाही.

लॅबमधली

टिळकवाडीकर सर, खूप चांगलं लिहिलंय. मी जीवशास्त्रात आहे, बेळगावातच, जिनोम सिक्वेन्सिंगचा डेटा असतो आमच्याकडं. एका नमुन्याच्या फाइल शंभर जीबीच्या पुढं सहज जातात. आमच्या कॅम्पसला 1 जीबीपीएस आहे असं बोर्डवर लिहिलंय आणि स्पीडटेस्टला बरा आकडा येतोही, पण पुण्याच्या सुपरकॉम्प्युटरवर फाइल पाठवायला गेलं की 12-13 एमबीपीएसच्या वर जातच नाही. शेवटी हार्ड डिस्क घेऊन रात्रीच्या बसनं मुलाला पाठवतो. लिंक 1 जीबीपीएसची असेल तर 13 का मिळतो हे कुणी नीट सांगेल का? आमच्या आयटीवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात अजून बँडविड्थ घ्या.

टिळकवाडीकर

ताई, बँडविड्थ अजिबात घेऊ नका, आधी हे बघा. तुमचा आकडाच सांगतोय काय झालंय ते. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायची नियमावली, थोडा डेटा पाठवतं आणि पोच यायची वाट बघतं. एका वेळी किती पाठवायचा त्याला विंडो म्हणतात. मूळ टीसीपीत विंडो जास्तीत जास्त 64 केबी, वाढवायची सोय नंतर आली. तुमच्या कॅम्पसचं फायरवॉल (सुरक्षेसाठी डेटा तपासणारं यंत्र) ती सोय काढून टाकत असेल, काही जुनी फायरवॉल हे करतात, आणि जाऊन-येऊन 40 मिलिसेकंद लागत असतील, तर 64 केबी भागिले 40 मिलिसेकंद, उत्तर येतं 13 एमबीपीएस. लिंक 1 जीबीपीएस असो की 100, उत्तर तेच राहणार.

दुसरं कारण पॅकेट गळती, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे वाटेत हरवणं. हजारो पॅकेटमागं एखादं जरी हरवलं तरी टीसीपी घाबरून वेग कमी करतं, आणि जितका लांबचा फेरा तितकं परत वर यायला वेळ. गळती तेवढीच धरली तर वेग फेऱ्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात जातो. म्हणून तर मी त्या बेंगळूर-मुंबई वळशाबद्दल ओरडतोय. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. बेळगाव-बेंगळूर 500, बेंगळूर-मुंबई 1000, मुंबई-कोल्हापूर 380 धरा, जाऊन-येऊन जवळजवळ 19 मिलिसेकंद, आणि हे नुसतं काचेतलं, यंत्रांचा वेळ वेगळा. सरळ हायवेनं गेलं तर 1.1. सतरा पट फरक. तीच लिंक, तेवढीच गळती, सतरा पट वेग.

यावर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेटनं उपाय काढला, त्याला सायन्स डीएमझेड म्हणतात. मोठा डेटा पाठवणारं मशीन कॅम्पसच्या सगळ्या गर्दीच्या, फायरवॉलच्या बाहेर, अगदी वेशीवर ठेवायचं, त्याला वेगळे साधे सुरक्षा नियम, आणि शेजारी मोजमाप करणारा परफसोनार. पैशाच्या मानानं काहीच खर्च नाही. तुम्ही आयटीवाल्यांकडं एक चांगला पीसी, दोन एसएसडी आणि वेशीवरच्या स्विचचा एक पोर्ट मागा.

फाउंड्रीवाला

उद्यमबागेत आमचं युनिट आहे, मी काही प्राध्यापक नाही, पण विचारतो. आज घरात हजार रुपयांच्या आतबाहेर फायबरचं कनेक्शन मिळतंय, 5जी आलंय. मग कॉलेजांना वेगळं नेटवर्क कशाला पाहिजे, सरकारचे म्हणजे आपलेच पैसे त्यात का घालायचे? बाजारातनं घ्या की.

टिळकवाडीकर

रास्त प्रश्न आहे. घरच्या फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जीपॉन असतं, एका फायबरवर खाली यायला 2.5 आणि वर जायला 1.25 जीबीपीएस, आणि तेवढं 32 किंवा 64 घरांत वाटलेलं. सगळे एकदम वापरत नाहीत या भरवशावर ते चालतं, आणि घराला ते पुरेसं आहे, मी पण तेच वापरतो. संशोधनाचा वापर उलटा असतो, महिनाभर काही नाही आणि मग एका रात्रीत दोन टीबी, ते सुद्धा वरच्या दिशेनं. पाटाच्या पाण्याची पाळी आणि स्वतःच्या शेतातली विहीर, हा फरक आहे. आणि वेगळ्या नेटवर्कवर प्रयोग करता येतात, चालू बाजाराच्या लाइनवर कुणी करू देणार नाही. तुमच्या मशीन शॉपमध्ये सुद्धा प्रॉडक्शनच्या लेथवर शिकाऊ मुलगा बसवत नसाल ना.

फाउंड्रीवाला

नाही बसवत. पटलं. म्हणजे कास्टिंगच्या सिम्युलेशनसाठी आम्हाला पण कॉलेजच्या मार्फत पुण्याचं किंवा बेंगळूरचं मशीन वापरता आलं तर? आमच्यासारख्या छोट्यांना ते सॉफ्टवेअर, ते मशीन परवडत नाही, आणि दर वेळी ट्रायल घेऊन कास्टिंग वितळवून परत ओततोय.

लॅबमधली

दादा, याच्यासाठी वेगळा धागा काढा, खरंच काढा. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची मशीनं, आयआयएससीचं परम प्रवेग वगैरे, एनकेएनवरूनच जोडलेली आहेत.

खानापूर_स्प्लायसर

सर लोकांनी वरचं सगळं सांगितलं, मी खड्ड्यातलं सांगतो. मी फायबर जोडायचं काम करूलोय, खानापूर, जांबोटी, लोंढा, आणि हायवेला संकेश्वरपर्यंत. सर म्हणतात काच तीच राहते, बरोबर हाय, पण तिला जेसीबी लागतो.

रस्ता रुंदीकरण चालू झालं की आमचे फोन रात्रंदिवस. हायवे सहा पदरी करूलेत त्यात केबल किती वेळा तुटल्या विचारू नका. एक कट म्हणजे दोन जॉइंट, कारण ओढलेली केबल दोन्हीकडनं फाटलेली असते, मधला तुकडा बदलायलाच लागतो. जॉइंट चांगला मारला तर 0.05 डेसिबलच्या आत, पावसात छत्री धरून चिखलात बसून मारला तर 0.2 पण जातो. आतली काच 9 मायक्रॉन, ती समोरासमोर बसवायची, मशीन बसवतंच पण टोक स्वच्छ कापायला हात पाहिजे, क्लीव्हर धारदार पाहिजे. असे दहाबारा कट झाले की लाइन चालू असते पण मार्जिन संपलेलं असतंय, मग वर कुणी 100 जीचं यंत्र लावायला गेलं की ते चालत न्हाई, आणि सगळे यंत्राला शिव्या घालतात.

म्हणून कुणी डार्क फायबर घेत असेल तर एकच सांगणं हाय, करारावर सही करायच्या आधी ओटीडीआरचा (फायबरमध्ये कुठं किती नुकसान ते मोजणारं यंत्र) रिपोर्ट मागा, दोन्ही टोकांकडनं काढलेला, 1310 ला आणि 1550 नॅनोमीटरला. नुसता नकाशा बघून घेऊ नका. 1550 ला नुकसान जास्त दिसलं आणि 1310 ला न्हाई तर समजायचं कुठंतरी केबल वाकलीय, चेंबरमध्ये लूप आवळून बांधलाय.

आणि खांबावरनं ओढलेली केबल घेऊ नका, निदान आमच्या भागात तरी. कणकुंबी-चोर्ल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत हाय, झाड पडतंय, केबल घेऊनच पडतंय.

टिळकवाडीकर

स्प्लायसर दादा, तुमचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे, प्रत्येक कॉलेजच्या खरेदी समितीला प्रिंट काढून द्यावा असा. ते 1310 आणि 1550 चं नवीन मुलांना कुणी शिकवत नाही.

काचेबद्दल एक भर घालतो. जुन्या फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगानं धावतात, त्यामुळे 10 जीबीपीएसला पल्स पसरून एकमेकांत मिसळायच्या. त्यावर उपाय म्हणून दर टप्प्यावर उलट गुणधर्माच्या फायबरची रिळं ठेवायला लागायची. 2010 च्या आसपास कोहेरंट तंत्र आलं, त्यात प्रकाशाची नुसती उघडझाप न बघता त्याची कला (फेज) आणि ध्रुवण (पोलरायझेशन) पण वाचतात, आणि पसरलेलं सगळं चिपमध्ये गणितानं परत जुळवतात. रिळं काढून टाकली आणि त्याच काचेतून एका तरंगलांबीवर 100 जीबीपीएस जाऊ लागलं.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, 2020 ला 400झेडआर नावाचं मानक आलं. राउटरच्या पोर्टात बसणारं बोटभर मॉड्यूल, एका तरंगलांबीवर 400 जीबीपीएस, टोकांना अॅम्प्लिफायर लावून मध्ये काहीही न ठेवता 120 किलोमीटरपर्यंत. बेळगाव ते कोल्हापूर किती? 110. वाटेत इमारत नको, जनरेटर नको, एसी नको. सुरुवातीला 10 चंच साधं मॉड्यूल लावा, काच हातात असली की पुढचं कधीही करता येतं. लांबी जरा काठावर आहे, केबल वळणावळणानं जाते, लूप असतात, म्हणून गरज पडली तर संकेश्वरला एक अॅम्प्लिफायर.

निपाणीकर_मास्तर

मी प्राथमिक शिक्षक. तुमचं सगळं बेळगाव ते कोल्हापूर, आणि मध्ये निपाणी, संकेश्वर, कागल, हे काय फक्त केबल जायला आहेत का? रागानं नाही विचारत, मनापासून विचारतोय.

2011 ला केंद्रानं अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना मंजूर केली, तीच पुढं भारतनेट झाली. आमच्या गावात पंचायतीपर्यंत फायबर आलंय, डबा बसलाय. पण खोलीला कुलूप, आणि लाइट गेली की डबा बंद, बॅटरी कधीच गेलीय. शाळा तिथनं हाकेच्या अंतरावर. आमच्याकडं मराठी माध्यमाची पोरं आहेत, कन्नड माध्यमाची आहेत, दोघांची शाळा एकाच आवारात. विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे तर मी माझ्या मोबाइलचा डेटा वापरतो. तुमच्या त्या लॅम्बडातलं आमच्या वाट्याला काय?

टिळकवाडीकर

मास्तर, उत्तर कॅनडात आहे. क्वेबेकमध्ये शाळा मंडळं, नगरपालिका, विद्यापीठं यांनी मिळून केबल टाकली, प्रत्येकानं आपापल्या फायबरच्या जोडीचे पैसे भरले, खोदाईचा खर्च वाटून घेतला. केबल 48 फायबरची टाकली काय किंवा 96 ची, खड्डा तोच. खरा खर्च खोदाईचा आणि परवानगीचा. म्हणजे बेळगाव-कोल्हापूर मार्गावर जोडी घेताना निपाणी आणि संकेश्वरला उतरायची सोय करारातच लिहून घ्यायला पाहिजे, नंतर मागितली तर कुणी देत नाही. निपाणी-संकेश्वरची कॉलेजं त्यावर, आणि कॉलेजवरून आसपासच्या शाळा. तुमचा प्रश्न मुळातच आराखड्यात असला पाहिजे असं मला वाटतं.

कुलूप आणि बॅटरीचं मात्र नेटवर्कवाल्यांच्या हातात नाही. पण शाळेला पंचायतीतून एक केबल ओढून घ्यायचा ठराव ग्रामसभेत करता येईल का ते बघा. आम्ही दोनतीन जण येऊन जोडून देऊ, शब्द देतो.

एज्युसॅट_बॅच

व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) जुना विद्यार्थी. कुणीच एज्युसॅटचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. सप्टेंबर 2004 ला इस्रोनं फक्त शिक्षणासाठी तो उपग्रह सोडला, आणि प्रायोगिक टप्प्यात ज्या विद्यापीठांना घेतलं त्यात आपलं व्हीटीयू होतं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ पण होतं. लांबच्या कॉलेजातल्या पोरांना चांगल्या प्राध्यापकाचं लेक्चर दिसायचं, त्या काळात ते खूप होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ, कारण उपग्रह 36 हजार किलोमीटर वर, सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद आणि उत्तराला परत पाव. अर्नेटनंही बरीच वर्षं लांबच्या संस्था व्हीसॅटनं, म्हणजे छोट्या उपग्रह-डिशनं, जोडल्या, बेंगळूरला हब होता. फायबर पोचत नव्हतं तिथं तेच खरं होतं. म्हणून जुन्यांना नावं ठेवू नयेत, त्यांनी हातात होतं त्यातून केलं.

टिळकवाडीकर

शंभर टक्के सहमत.

लॅबमधली

अपडेट देते. आयटीवाल्यांनी वेशीवर एक पोर्ट दिला, मशीन माझ्याच लॅबमधलं जुनं वर्कस्टेशन. पुण्याला आता 600 च्या वर जातंय. मुलाचा बसप्रवास बंद.

एक अजून. कोल्हापूरच्या विद्यापीठातून दोन विद्यार्थिनी आमच्याकडं महिनाभर येणार आहेत. त्यांना वायफाय द्यायचं तर अर्ज, सही, ओटीपी, आणि त्यांचे महाराष्ट्रातले नंबर कधीकधी आमच्या बिल्डिंगमध्ये रेंज पकडत नाहीत. यावर काही आहे का?

टिळकवाडीकर

अभिनंदन ताई! आणि हो, याला एज्युरोम ही सामायिक वायफायची सोय आहे. 2002 ला युरोपात सुरू झालं, आपल्याकडं अर्नेट चालवतं. दोन्ही संस्था त्यात असतील तर विद्यार्थिनी बेळगावात आली की लॅपटॉप आपोआप जोडला जातो, पासवर्ड तिच्या स्वतःच्या विद्यापीठाचा, तपासणीही तिकडंच होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना इतकी पोरं रोज ये-जा करतात, कागल-निपाणीची तर इकडची तिकडं शिकायला आहेत, त्यांच्यासाठी हे व्हायलाच पाहिजे. डार्क फायबरला वर्षं लागतील, हे एका सेमिस्टरमध्ये होईल.

पुण्यातला_बेळगावकर

थेट जोडीचं बोलताय तर दुसरी वाट पण धरा. एकच वाट असली की एक जेसीबी आणि सगळं बंद. हायवेची एक, आणि दुसरी रेल्वेच्या कडेनं घटप्रभा-मिरज-कोल्हापूर. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं फायबर रुळाच्या बाजूनं जातं, तिथं सहसा कुणी खोदत नाही. तिसरा पर्याय पॉवरग्रिडचा, त्यांच्या मोठ्या टॉवरच्या सगळ्यात वरच्या तारेतच फायबर असतं, तिथं जेसीबी पोचतच नाही. एनकेएनसाठी या कंपन्यांचं फायबर घेतलंच आहे, म्हणजे नवीन काही मागत नाही आपण.

मिरजेकडून वाट लांब आहे, मध्ये अॅम्प्लिफायर लागेल. पण दोन्ही वाटा असल्या की बेळगाव टोक राहत नाही, सर म्हणाले तशी गाठ होते. धारवाडला आयआयटी आहे, ट्रिपल आयटी आहे, ऐंशी किलोमीटरवर. धारवाड, बेळगाव, कोल्हापूर अशी साखळी झाली की दोन्ही राज्यांतल्या संस्थांना राजधानीला न जाता एकमेकांशी बोलता येईल.

फाउंड्रीवाला

यात दोन राज्यांचं राजकारण आडवं येणार नाही का?

टिळकवाडीकर

अडचणी परवानगीच्या येतील, दोन सर्कल, दोन सरकारं, हायवेचं खातं वेगळं. पण युरोपात जिआँनं चाळीसच्या आसपास देशांची नेटवर्कं जोडलीत, आणि सीमेवरच्या विद्यापीठांनी थेट फायबर टाकून एकमेकांना जोडून घेतलंय. आपण तर एका देशात आहोत. सीमाप्रश्नावर ज्याचं जे मत आहे ते असू दे, या धाग्यावर ते नको. कन्नड संस्थेतला संशोधक आणि मराठी संस्थेतला संशोधक, दोघांचाही डेटा आज तोच वळसा घेतोय.

मी एक निवेदन तयार करतोय. मुद्दे ठरलेत: मार्गावरच्या सगळ्या कॉलेजांनी मिळून डार्क फायबरची एक जोडी पंधरा-वीस वर्षांच्या करारानं, ओटीडीआर रिपोर्ट करारासोबत, निपाणी आणि संकेश्वरला उतरायची सोय, दुसरी वाट रेल्वेनं, आणि तोवर एज्युरोम. त्याला जोडायला तुमचे ट्रेसराउट पाहिजेत. कॉलेजच्या लाइनवरून करा, घरच्या नको, आणि दिवसा एकदा, रात्री एकदा. आयपी पत्ते इथं जाहीर टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा.

निपाणीकर_मास्तर

शाळेच्या ठरावाचं ग्रामसभेत मांडतो, पुढची सभा दिवाळीनंतर आहे. निवेदनावर शाळांच्या सह्या चालतील का?

टिळकवाडीकर

चालतील काय, पाहिजेतच. मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या. निवेदन पण दोन्ही भाषांत काढू, कन्नड मसुदा कुणी बघून देईल का?

एज्युसॅट_बॅच

कन्नड मी बघतो, दहावीपर्यंत त्यातच शिकलोय.

टिळकवाडीकर

उत्तम. आता एकच अडलंय. हत्तरगी टोलपर्यंत कुणाची केबल रस्त्याच्या कुठल्या बाजूनं आहे ते मला मिळालंय. कोगनोळीच्या पुढं, कागलकडं, काही माहिती नाही. स्प्लायसर दादा, तिकडं कुणी ओळखीचं?

खानापूर_स्प्लायसर

हाय की. माझा पावणा कागलचा, तो तिकडं हेच काम करतंय. रविवारी बोलून सांगतो, डक्ट (केबलचे पाइप) कुठल्या बाजूला आणि किती मोकळे ते पण विचारतो.